रकाना एकवीस

माझा वाचक कधी कंटाळत नाही.
जांभई देत नाही, समासात खुणा करत नाही,
पान दुमडून कॉफी ठेवायला उठत नाही.
अठ्ठावीस वर्षं मी तार्तूच्या प्रवेश-कार्यालयात
तीन नंबरच्या खिडकीत बसले;
आता घरी, पायात लोकरी मोजे,
यंत्रांसाठी पुस्तिका लिहिते.

"रकाना-भरा : हे साधन एका रकान्यात एक मूल्य लिहितं.
आधी रकान्याचं नाव वाचावं. मग लिहावं.
लिहिलेलं पुन्हा वाचावं."
शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात,
पण हा शहाणा शब्दाबाहेरचं काहीच ऐकत नाही.
"शक्यतो" हा शब्द मी डिसेंबरात सबंध पुस्तिकेतून उपटला,
त्रेसष्ट ठिकाणांहून,
बटाट्याचे डोळे काढावेत तसा.

तारखेत आधी दिवस, मग महिना.
गुणपत्रिका दोन एमबीच्या आत.
आडनावातल्या ओ-वरची लाट पुसू नये.
आमच्या दक्षिणेकडची नावं त्या लाटेवरच तरंगतात,
ती गेली की धचा मा होतो
आणि पोरगी शिष्यवृत्तीच्या यादीत सापडत नाही.
हे उदाहरण लांबलं म्हणून राइमोने कापलं.
मी परत घातलं.

बाहेर उणे सतरा. एमायोगी गोठलेली,
तिच्यावरून कोणीतरी सायकल ढकलत नेतंय.

आज सकाळी राइमोने रात्रीची नोंद पाठवली.
"हेल्वे, काहीतरी चुकतंय. चूक मात्र दिसत नाही."
तीन वाजून अकरा मिनिटं.
अर्जदार युर्गो, वय अठरा, हीऊमा बेट.
रकाना एकवीस : वडिलांचा व्यवसाय. आवश्यक.
एजंटने रिकामा पाठवला. परत आला.
आडवी रेघ. परत.
"माहीत नाही." परत.
मग त्याने मुलाची सगळी कागदपत्रं चाळली
आणि विम्याच्या एका पावतीवरून लिहिलं :
मच्छीमार.
हिरवी खूण. एकूण नऊ सेकंद.

विमा बोटीचा होता.
बोट सापडली होती. बोटच.

खिडकीत हे मला कळायचं.
पेन त्या रकान्याशी येऊन अडायचं,
हातमोज्यातून बर्फाचं पाणी फॉर्मवर टपकायचं,
आणि पोर माझ्याकडे न बघता विचारायचं,
हे भरायलाच हवं का?
राहू दे, म्हणायचे, पुढचं भर.
ते गेल्यावर तिथे माझ्या पेनाने एक टिंब द्यायचे
आणि शिक्का असा मारायचे की टिंब झाकलं जावं.
वर्षाला पाचसहा टिंबं. नियमात कुठेच नव्हती.

ते टिंब पुस्तिकेत कसं लिहायचं?
"अंदाज करू नये" हे पहिल्याच पानावर आहे.
एजंट म्हणेल, अंदाज नव्हे, पुरावा होता.
त्याचं बरोबरच आहे, हीच तर पंचाईत.

दुपारपर्यंत खोडून खोडून एवढं उरलं :
"रकाना तीनदा परत आला तर थांबावं.
मूल्य शोधू नये. सापडलं तरी लिहू नये.
अर्जदाराला विचारावं, एकदाच.
उत्तराला वेळ लागेल. त्या वेळेला चूक समजू नये."

शेवटचं वाक्य कशाला, राइमो म्हणाला,
वेळ लागणं म्हणजे काय हे त्याला काय कळणार?
असू दे, म्हटलं. मला कळतं.

युर्गोचा अर्ज आम्ही परत उघडला.
एजंटने विचारलं, आणि थांबला.
पडद्यावर एक ओळ : उत्तराची वाट पाहत आहे.
अंधार पडला, मी राईचा पाव कापला,
दोनदा उठून ती ओळ बघून आले.

चार तास नऊ मिनिटांनी उत्तर आलं.
मच्छीमार.

शब्द तोच होता.
मी नोंद मिटली,
आणि रकाना एकवीस ऐच्छिक करावा म्हणून
कार्यालयाला अर्ज करायला बसले.
त्याचाही एक फॉर्म आहे.
त्यात "कारण" आवश्यक आहे.